कसा दिसे तो हिरवा जाळ

गुरुजी,

नातीचा आज पुन्हा फोन आला. ती नॉर्वेत असते. तिथे ऐन हिवाळ्यात आभाळभर हिरवा उजेड हलतो, तो दाखवायला मला बोलावते आहे. "आबा, तुमी फक्त हो म्हणा, स्वेटर-मोज्याचं मी पाह्यते." मुलगा मात्र खवळलाय. "येवढ्या थंडीत आभाळ पाहाले जाता? आपल्या गच्चीवर आभाळ कमी पडते काय? अन् ढग आले मंग?" त्याचंही खोटं नाही. तीन हिवाळ्यांत नातीलाच तो उजेड दोनदा दिसला. माझे गुडघे तर पौषात इथल्या इथेच बोलायला लागतात. जाणं सार्थकी लागेल का, हे विचारावं असं माणूस एकच, आणि तुम्हाला जाऊन पन्नास वर्षं होत आली.

मालेगावच्या वाटेवरची आपली शाळा अजून डोळ्यांसमोर आहे. इंग्रजांचं राज्य, सारवलेली जमीन, आणि भूगोलसुद्धा चालीवर म्हणवून घेणारे तुम्ही. उत्तर ध्रुवाच्या धड्याला तुम्ही स्वतःच जुळवलेल्या ओळी फळ्यावर लिहिल्यात:

उत्तरेच्या दारी । हिरवा पडदा ।
मागे कोण सदा ।

चौथ्या चरणाची चार अक्षरं मोकळी सोडलीत. "मी काही पाहिलं नाही, मग लिहू कसं? जो पाहून येईल त्यानं भरावीत."

मला कुठला दम! ज्वारीच्या बियाण्याला चोळायचं मोरचूद आमच्या कोनाड्यात असे. त्यातलं चिमूटभर चुलीत सांडलं की जाळ हिरवा होतो, हे मी पाहिलं होतं. दिवस मावळताना अख्खी पुडी मी गोठ्यामागच्या शेकोटीत रिकामी केली. पडदाच उठला, गुरुजी! मी टाळ्या वाजवत तुमच्या ओळी म्हणतो आहे, आणि वारा फिरतो. कडब्याची गंजी धडधडून पेटते. मग गोठ्याचं छप्पर. आत बांधलेला बैल दावं तोडायला मान आपटतो आहे, खुंटा हलत नाही. माणसं घागरी घेऊन धावतात, पण दारातूनच परततात. त्याचा हंबरडा एकाएकी थांबला, तेव्हा वाऱ्यावर जळक्या कातडीचा वास आला.

वडिलांनी मला केसांना धरून फरफटत आणलं. पहिली लाथ तोंडावर बसली, ओठ फाटला. मग गरम राखेत गाल दाबून धरला. "कोनं शिकवलं तुले? बोल, नाही त तुलेबी यातच टाकतो!"

"गुरुजीनं," मी किंचाळलो. "गुरुजीनं सांगतलं, लावून पाह्य म्हने!"

तुम्ही असं काहीच सांगितलं नव्हतं.

सकाळी वडील आसूड घेऊन वर्गात शिरले. पाढे जागच्या जागी थांबले. "काहून मास्तर, लेकराइले आग लावाले शिकवून राह्यले का?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. सुजलेला ओठ, भाजलेला गाल. मी मान खाली घातली.

"हो," तुम्ही म्हणालात. "मीच सांगितलं. पोराले मारू नका आता."

पहिला फटका खांद्यावर बसला. दुसऱ्यात चष्मा फुटला. फळ्याला धरून तुम्ही खाली बसलात, बोटांतून रक्त वाहतंय, तरी आसूड थांबेना. बाहेरून आलेल्या दोघांनी वडिलांना कवळ घालून ओढलं तेव्हा कुठे संपलं. फळ्यावरच्या त्या ओळी तुमच्या पाठीनं पुसल्या गेल्या होत्या. डाव्या डोळ्यात काच गेली होती. तो डोळा पुन्हा उघडला नाही.

महिन्यानं तुम्ही परत आलात. मला वाटलं, आज छडी. मारलं असतंत तर बरं झालं असतं. सुटीत जवळ बोलावलंत, इकडेतिकडे पाहिलंत, आणि हळूच विचारलंत, "काय रे, खरंच हिरवा झाला व्हता काय?"

"हो गुरुजी."

"कसा दिसे?"

एका डोळ्यानं तुम्ही किती आशेनं पाहत होतात! मला फक्त हंबरडा ऐकू येत होता. मी पळालो. तुम्ही पुन्हा कधी विचारलं नाहीत. तुम्ही शिकवलेली एकेक कविता मी आजही अंगणात फिरताना चालीवर म्हणतो, सुना हसतात. ही एवढीच कधी म्हटली नाही. वडील गेले, त्यांनाही खरं सांगितलं नाही. शेवटपर्यंत ते म्हणत, "त्या मास्तरनं माहा बैल जाळला."

ढग येतील, दिसणारही नाही कदाचित. पण तुमच्या प्रश्नाला माझ्याजवळ जे उत्तर आहे त्याला कातडीचा वास येतो. तो वास नसलेला हिरवा उजेड एकदा पाहायला हवा. हे पत्र कुठल्या पत्त्यावर धाडणार? वहीतच राहील.

संध्याकाळी नातीला हो म्हटलं. ती फोनवर ओरडलीच. "एकदम कसं काय ठरलं, आबा?"

"गुरुजीनं सांगतलं," माझ्या तोंडून निघून गेलं.

पुन्हा तुमच्यावरच ढकललं.