ओढ्याकाठचे एकशे साठ एकर

मी, वेल्डा ब्रॉकमन, वय एक्क्याऐंशी, कै. मर्ल ब्रॉकमन यांची पत्नी, धंदा गव्हाची शेती, राहणार टॅल्मर, कॅन्सस, असे लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे आणि पुढील मजकूर मला कोणी सुचवलेला नाही. माझे आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यातून माझी धाकटी बहीण अर्डिस हिचे नाव मी मुद्दाम वगळले होते.

१. घर विकावे. आलेल्या रकमेतून दवाखान्याची बिले भागवून उरेल ते गावच्या अग्निशमन दलाला द्यावे.

२. ट्रॅक्टर, पेरणीयंत्र आणि शेडमधली सगळी हत्यारे ड्वेनला. नऊ वर्षे तो माझी जमीन कसतो आहे. क्लच अडकतो, शिव्या न देता दाबावा.

३. हॉटेलवाल्या लोरीनचे केक भाजायचे भांडे माझ्याकडे आहे, ते तिला परत देऊ नये. काउंटीतल्या कोणत्या शेतकऱ्याला किती सरकारी मदत मिळाली याची यादी दरवर्षी निघते, आणि ही बाई ती भर हॉटेलात मोठ्याने वाचते. "वेल्डा, तू गहू पेरून मरतेस, आणि तुझी बहीण नुसतं गवत वाढू देऊन तुझ्या दुप्पट घेते गं!" सगळे हसले होते. मीही हसले. घरी येऊन दोन दिवस जेवले नाही.

४. ओढ्याकाठच्या एकशे साठ एकरांबद्दल जरा सविस्तर लिहिते.

वडिलांनी वाटणी केली तेव्हा थोरली म्हणून मला आधी निवडायला सांगितले. मी ओढ्याकाठची काळी जमीन घेतली. अर्डिसच्या वाट्याला टेकडीवरची खडकाळ आली. ती एवढेच म्हणाली, "असू दे, तिकडून सूर्यास्त छान दिसतो." पुढे सरकारने धुपणारी जमीन पडीक ठेवून गवत राखणाऱ्यांना दरवर्षी पैसे द्यायला सुरुवात केली. अर्डिसने नवी गाडी घेतली, समुद्र पाहून आली. यादीत मी माझ्या नावाआधी तिचे शोधायची.

दुष्काळाच्या वर्षी तिच्या गवतात मला गुरांची पावले दिसली. परवानगीशिवाय तिथे चराईला बंदी होती. मी कचेरीला निनावी पत्र लिहिले. साहेब आले, पाहून गेले. अर्डिसला पैसे दंडासह परत भरावे लागले, गाडी विकावी लागली. गुरे कोणाची, हे तिने शेवटपर्यंत सांगितले नाही. त्या वर्षी मला झोप छान लागली.

गुरे आमची होती. मर्लने दवाखान्यात, जायच्या आदल्या दिवशी सांगितले. "आपला चारा संपला होता. तू तिच्याकडे मागितला नसतास, म्हणून मीच गेलो. तिने फाटक उघडून दिलं."

त्यानंतरही सहा वर्षे मी गप्प राहिले. गेल्या मंगळवारी तिच्याकडे गेले आणि उभ्याउभ्याच म्हटले, "ते पत्र मी लिहिलं होतं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "साहेबांनी दाखवलं होतं. 'गुरं' हा शब्द तू चौथीपासून चुकीचाच लिहितेस. बस ना, कॉफी टाकते."

मी बसले नाही. पैशांनंतर आता मोठेपणाही तिचाच. मी माफी मागायच्या आत तिने ती देऊनही टाकली होती, तीही बारा वर्षांपूर्वी.

म्हणून ओढ्याकाठची सगळी जमीन, कोणतीही अट न घालता, मी माझी बहीण अर्डिस कोलर हिला देते. तिने ती नाकारू नये. आभार तर मुळीच मानू नयेत. एकदा तरी तिने माझ्याकडून काहीतरी घ्यावे आणि त्यावर तिला काही बोलता येऊ नये.

वरील मजकूर मी स्वतः वाचला. तो खरा आहे, आणि मला तो आवडलेला नाही.

सही: वेल्डा ब्रॉकमन
साक्षीदार: ग्लेन टिपटन, बँकेतील कारकून, नोरीन हाफ्नर, शेजारीण. (दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या. नोरीन रडत होती, तिला तसे करू नकोस म्हणून सांगितले.)
टॅल्मर, दि. ९ ऑक्टोबर २०१९