मानेसरच्या मागचं पाणी

आर. के. पुरम, नवी दिल्ली
११ जानेवारी २०१८

प्रिय तानू,

नवऱ्याकडे परत ये असंच मी दर वेळी म्हणते म्हणून तू माझा फोन उचलत नाहीस, तेव्हा हे पत्र. पाकिटावर माझं अक्षर दिसलं म्हणून फाडू नकोस, आधी एवढं वाच. हिंमतराव गेल्या सोमवारपासून कँटोन्मेंटच्या लष्करी इस्पितळात आहेत. हृदय थकलंय, छातीत पाणी साठतंय, काढलं तरी पुन्हा साठतंय. डॉक्टर तरुण आहे. काल मला व्हरांड्यात नेऊन म्हणाला, "घरवालों को बुला लीजिए." किती दिवस आहेत विचारलं, तर तो चष्मा पुसत राहिला. तुला आणि तुझ्या भावाला कळवायचं नाही अशी हिंमतरावांनी मला शपथ घातलीय. ती मी मोडते आहे. तू ये. पुढचं वाचायची इच्छा नसेल तर पत्र इथेच ठेव आणि निघ. पण वाचलंस तर बरं, कारण हे पत्र मी चार वेळा लिहून चार वेळा फाडलंय.

मी रोज चार ते सहा त्यांच्याजवळ बसते. फॉर्मवर 'रुग्णाशी नातं' असा रकाना होता, तिथे मी 'बहीण' लिहिलं. कारकून माझ्या आडनावाकडे आणि त्यांच्या आडनावाकडे आळीपाळीने पाहू लागला. म्हटलं, "शादी हो जाती है तो नाम बदल जाता है, भैया." न केलेल्या लग्नाचा मला आयुष्यात एवढा एकच उपयोग झाला. हिंमतराव हसले, मग खोकले, मग नर्स मला ओरडली. त्यांच्या उशीखाली काय आहे सांगू? तुझी वही. तू जाताना तुमच्या मानेसरच्या खोलीत टाकून गेलीस त्या सातातली शेवटची. तू आखलेले रकाने तसेच आहेत: तारीख, जागा, पक्षी, किती, आणि कुणी पाहिला. तू गेल्यापासून ते ती वही चालवतायत. "तिची दोन हिवाळ्यांची पानं कोरी राहायला नकोत," म्हणतात. गेलं सगळं वर्ष स्वतः सायकलवर हिंडून लिहिलं. दिवाळीनंतर दम लागायला लागला, तेव्हापासून मला पाठवतात. मी रविवारी जाते, सोमवारी सांगते, ते लिहितात.

मला पक्षी ओळखता येत नाहीत हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? मी पुस्तकं वाचून बोलणारी बाई. तरी या हिवाळ्यात मी एकटीने सगळ्या आपल्या जागा केल्या. ओखल्याला पुलाच्या वरच्या बाजूने उभी राहिले. पाण्याला वास, किनाऱ्याला फेस, आणि त्या घाणीत चक्रवाक, थापट्ये, तलवार बदकं कशी दाटीने बसलेली! हिमालय ओलांडून आलेला जीव आपल्या गटारात उतरतो आणि तक्रार करत नाही, याचा मला राग येतो. सुलतानपूरला चित्रबलाकांची पिल्लं यंदा उशिरा उडाली, बाभळीवर अजून चार घरटी भरलेली होती. यमुनेवर वझीराबादला कुरव आलेत. लोक नावेतून त्यांना शेव टाकतात आणि फोटो काढतात. मंगरच्या जंगलात धावड्याची झाडं तेवढी उभी आहेत, बाकी चारी बाजूंनी गुडगाव चढत आलंय. भिंडावासला धुक्यात मला काहीच दिसलं नाही, फक्त हजारभर पंखांचा आवाज ऐकला. हिंमतरावांना हे सांगितलं तर म्हणाले, "ताई, आवाज लिहू का? दुसऱ्या कुणी ऐकला का?" कुणीच नव्हतं सोबत. मग त्यांनी शेवटचा रकाना रिकामा सोडला. नुसता आवाज असेल तर दोघांनी ऐकल्याशिवाय कुणाचं नाव लिहायचं नाही, हा तुझा नियम ते माझ्यासाठीसुद्धा मोडत नाहीत.

तुला आपली पहिली भेट आठवते? ब्याऐंशीचा गणपती. मी मंडपात महागाईवर बोलत होते. तेव्हा माझं वय अठ्ठावीस, घसा लोखंडाचा, मंत्रालयातल्या कर्मचारी संघटनेत मला 'तोफ' म्हणायचे. चारशे माणसं टाळ्या वाजवत होती आणि एक हिरव्या लुगड्यातली बाई माझ्याकडे पाठ करून कडुलिंबाकडे बघत उभी. मला अपमान सहन होत नाही. भाषण संपवून थेट तुझ्यापुढे आले आणि विचारलं, "आवडलं नाही का आमचं बोलणं?" तू घाबरली नाहीस. म्हणालीस, "बोलणं झ्याक हुतं की. पर ते रोज आसतंय. धनेश रोज येत न्हाई." मागे हिंमतराव गणवेशात उभे, लाजेने लाल. "ताई, माफ करा, आमची मंडळी अशीच." आणि मग पानांतून ते राखी पाखरू वाकड्या चोचीने बाहेर आलं आणि मी, चार कपाटं पुस्तकं वाचलेली मी, तोंड उघडं टाकून बघत राहिले. दिल्लीत आठ वर्षं राहत होते. त्या झाडाखालून रोज बसला जात होते.

तेव्हापासून चौतीस वर्षं तू मला ही दिल्ली दाखवलीस. मला वाटायचं दिल्ली म्हणजे मोर्चा, फाइल आणि मंत्री. तू सांगितलंस की दिल्ली म्हणजे रिजच्या टेकड्यांवरची काटेरी झुडपं वेगळी, नदीची वाळू वेगळी, नजफगढकडची दलदल वेगळी आणि झज्जरची माळरानं वेगळी, आणि प्रत्येकाची पाखरं वेगळी. सातवी शिकलेल्या तुला हे कुणी शिकवलं नव्हतं. साताऱ्याकडे गुरं राखताना शिकलीस म्हणायचीस. डीटीसीच्या पहिल्या बसने निघायचं, तुझ्या डब्यात भाकरी आणि ठेचा, माझ्या पिशवीत दुर्बीण आणि वर्तमानपत्र. "ताई, तो पेपर मिटा, ढोकरी उडतीया पानं फडफडली की." मी किती जणांना गप्प केलं असेल, तानू. मला गप्प करणारी तू एकटीच.

आणि मग मी मोर्चे तुझ्या पाखरांसाठी काढायला लागले. सरकारी कागदात पाणथळ जागेला 'पडीक जमीन' म्हणतात हे मला कळलं तेव्हा माझं डोकं फिरलं. ज्या जमिनीवर दहा हजार बदकं उतरतात ती पडीक, आणि जिच्यावर मॉल उभा राहतो तिचा विकास झालेला! हे मी शंभर सभांत बोलले असेन. खरं होतं ते, आजही खरं आहे. पण खरं बोलणाऱ्या माणसाला एक रोग जडतो: आपल्या तोंडून निघालेलं सगळंच बरोबर असतं असं त्याला वाटायला लागतं.

दोन हजार सोळाचा ऑगस्ट. मी त्याबद्दल लिहायचं टाळत आले, पण आता टाळता येणार नाही. मानेसरला हिंमतरावांची फौजेतून निवृत्त झाल्यावरची, सुट्या भागांच्या कारखान्यावर गेटवरची नोकरी, आणि त्या कारखान्यांच्या मागे, वीटभट्टीच्या पलीकडे, पावसाचं साठलेलं ते पाणी. कुठल्या नकाशात नाही, त्याला नाव नाही. तिथे तुला सारसाची जोडी सापडली. पाण्यातच गवत रचून केलेलं घरटं आणि दोन अंडी. तू मला फोनवर सांगितलं नाहीस, बस बदलत आर. के. पुरमला आलीस आणि दार लावून घेऊन सांगितलंस. घरट्याची जागा कुणाला सांगायची नाही, हा पाखरं बघणाऱ्यांचा पहिला आणि शेवटचा नियम. तीन माणसांना माहीत होतं: तू, मी, हिंमतराव. वीस दिवस तू बांधाआड बसून राहिलीस. नर उठला की मादी बसते, मादी उठली की नर बसतो, हे मला सांगताना तू नव्या नवरीसारखी दिसत होतीस. मूल नाही याबद्दल तू कधी एक शब्द बोलली नाहीस. त्या अंड्यांचे दिवस मात्र बोटांवर मोजत होतीस.

मग त्या रविवारी गाड्या आल्या. बारा की पंधरा. हातभर लांब कॅमेरे, रंगीत टोप्या, कुणाच्या तरी हातात चिप्सचं पाकीट. तू एकटी सगळ्यांपुढे हात जोडत पळत होतीस. "भैया, पीछे हटो, अंडा है!" ते ऐकून आणखी पुढे आले. जोडी घरट्यावरून उठली आणि माणसं संध्याकाळपर्यंत हलली नाहीत. कावळ्यांना तेवढा वेळ पुरला. तीन दिवस ते दोघे त्या पाण्यावर ओरडत फिरले आणि चौथ्या दिवशी दिसेनासे झाले. मी तुमच्या खोलीत पोचले तेव्हा तू हिंमतरावांच्या पुढ्यात उभी होतीस. तू त्यांना अहो-जाहो सोडून कधी बोलली नव्हतीस. त्या दिवशी म्हणालीस, "तू सांगितलंस?" कँटोन्मेंटमध्ये असताना पिंगळ्याचं घरटं त्यांनी कौतुकाने पोरांना दाखवलं होतं आणि पोरांनी ते मोडलं होतं. तुला दुसरं कुणाचं नाव सुचणार तरी कसं? हिंमतरावांनी तुझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, "हां. निघून गेलं तोंडातून." दसरा झाला आणि तू गावाला भावाकडे गेलीस. जाताना मला मिठी मारलीस. म्हणालीस, "तुम्ही तेवढ्या एक खऱ्या निघालात, ताई."

ते वाक्य घेऊन मी पंधरा महिने जगतेय. मला झोप येत नाही, मला सभा नको वाटतात. गेल्या महिन्यात व्यासपीठावर उभी राहिले, माईक हातात घेतला आणि उतरून घरी आले. लोकांना वाटलं तब्येत बिघडली.

तानू, मी सांगितलं. त्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी कोपर्निकस मार्गावरच्या सभागृहात सभा होती, पाणथळ जागा वाचवा म्हणून. तू घरट्यापाशी होतीस, हिंमतराव मला सोबत म्हणून आले होते. समोरून कुणीतरी ओरडलं, "दिल्लीजवळ आता उरलंय काय, बाई?" आणि मी पेटले. उरलंय काय विचारता? जा मानेसरला, वीटभट्टीच्या मागे जा आणि सारसाचं घरटं बघा डोळ्यांनी! सभागृह दणाणलं. लोक फोनवर माझं भाषण टिपत होते, रात्रीपर्यंत ते किती जणांकडे पोचलं असेल देव जाणे. हिंमतराव मागच्या रांगेत उभे राहून दोन्ही हात हलवत होते आणि मला वाटलं, जोशात आलेत. तुमच्या खोलीत ते खोटं बोलले तेव्हा मी दारात, तुझ्यापासून चार हातांवर होते. माझ्या तोंडून एक अक्षर निघालं नाही. नंतर त्यांच्या पाया पडले तर म्हणाले, "ताई, माझ्यावर रुसली तर आज ना उद्या येईल, नवरा आहे मी. तुमच्यावर रुसली तर तिला या दिल्लीत बोलायला कोण?" मी ते मान्य केलं. मला सोयीचं होतं म्हणून मान्य केलं. पण तू आली नाहीस, आणि आता ते वाट बघत मरायला टेकलेत आणि अजूनही माझं नाव घेत नाहीत. मला क्षमा मागायची नाही, तसा हक्कही नाही. त्यांनी तुझा विश्वास कधीच मोडला नव्हता, हे त्यांना तुझ्या तोंडून ऐकू दे. वॉर्ड पाच, खिडकीकडची खाट. तुला माझं तोंड बघायला लागू नये म्हणून तू पोचलीस की मी तिथून उठून जाईन, पण तोवर त्यांना एकटं सोडणार नाही. पत्राची वाट बघण्याइतका वेळ नाही म्हणून हेच सगळं मी आज संध्याकाळी तुझ्या भावाला फोनवर सांगणार आहे, आणि फोन तुझ्या कानाला लावायला सांगणार आहे. या वेळी मी बोलेन. तू फक्त ऐक, आणि ये.

तू नाकारलंस तरी तुझीच,
उल्का