तारीख नसलेली सहल

प्रिय ठमे,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी ते उलटसुलट करून पाहिलं असशील. रोज फोनवर बोलणारा बाप एकदम पत्र का लिहायला लागला, असं तुला वाटणारच. मी दुकानात बसून लिहितोय. समोर एका वकीलबाईंचा सोफा पोट फाडून पडलाय, स्प्रिंगा वर आल्यात, काथ्या जमिनीवर पसरलाय, आणि मला त्याला हात लावावासा वाटत नाही. शेजारचा चष्मेवाला दोनदा डोकावून गेला. मी लिहितोय हे बघून त्याला वाटलं, मी कुणाविरुद्ध तरी तक्रार करतोय. तसं म्हटलं तर करतोच आहे, पण ती न्यायची कुणाकडे ते कळत नाही. तू पाठवलेली फुग्यांच्या महोत्सवाची तिकिटं मिळाली, छान आहेत, असं मी फोनवर म्हणालो होतो. त्या तिकिटांबद्दल आणि आईबद्दल लिहायचंय. जरा दम धर, मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही. तुझी आई म्हणते, हा माणूस खिळा ठोकायच्या आधी हातोडीची विचारपूस करतो.

हे फुग्यांचं वेड कसं लागलं ते तुला अर्धवटच माहीत आहे. दुसऱ्यांदा आईला हॉस्पिटलमधून घरी आणलं तेव्हा ती सारखी भिंतीकडे तोंड करून पडायची. केस गेले होते, तोंडाची चव गेली होती, आणि मी काही चेष्टा केली तर नुसतं हं म्हणायची. एका दुपारी मी आवाज बंद करून टीव्ही बघत होतो. मोठं मैदान होतं आणि त्यावर घराएवढे रंगीत फुगे आडवे पसरले होते. माणसं त्यांच्या तोंडाशी शेगडी धरून आत गरम हवा सोडत होती, आणि ते फुगे आळस देत हळूहळू उभे राहत होते. ती कधी वळली मला कळलंच नाही. एकदम मागून विचारलं, की हे जातात कुठे? खाली पट्टीवर लिहून येत होतं, ते मी वाचून दाखवलं. फुगेवाल्याला फक्त वर आणि खाली जाता येतं, बाकी वारा नेईल तिकडे. खालून एक जीप पाठलाग करत जाते आणि जिथे उतरतील तिथून सगळ्यांना परत आणते. ठमे, ती हसली. खोकला येईपर्यंत हसली. उभा जन्म बस डेपोच्या चौकशी खिडकीत बसून, ही गाडी कुठे जाते, या एकाच प्रश्नाची उत्तरं दिली, आणि आता ही गाडी अशी निघाली की कुठे जाते ते चालकालाच ठाऊक नाही! त्या मैदानावर चौकशी खिडकी असेल तर तिथे बसणाऱ्या बाईचं काय होत असेल, याची तिला फार काळजी वाटायला लागली. संध्याकाळी स्वतःहून चहा मागितला आणि म्हणाली, आपण जाऊ या.

आता आपल्या घरात आपण जाऊ या म्हणजे काय, हे तुला मी सांगायला नको. आपल्याकडे सहल ठरते, निघत नाही. तुझ्या जन्माच्या आधीपासून हेच चालत आलंय. बर्फ झाला, वाळवंट झालं, समुद्रातलं ते दीपगृह झालं. ती गाड्या जुळवणार आणि मी खोडा घालणार. मी म्हणणार, उतरल्यावर पुढची गाडी चुकली तर? ती म्हणणार, मागच्या फाट्यावर उतरायचं, तिथून दुसरी मिळते. मी म्हणणार, पाऊस आला तर? तिच्याकडे त्याचंही उत्तर तयार. कधी तिची ड्यूटी आडवी यायची, कधी माझं दुकान, आणि खरं सांगायचं तर घराबाहेर आम्हाला दोघांनाही झोप लागत नाही. तू लहान असताना मधेच येऊन विचारायचीस, पण कधी? मग आम्ही एकमेकांकडे बघायचो आणि तुला झोपायला पाठवायचो. कॉलेजात गेल्यावर तू आम्हाला चांगलं फैलावर घेतलंस, की तुम्हाला प्रवासापेक्षा वेळापत्रकच जास्त आवडतं. बरोबर होतं तुझं. लोक लग्नानंतर एकमेकांशी काय बोलतात मला माहीत नाही. आम्ही हे बोलायचो.

फुग्यांची सहल मात्र सगळ्यांत मोठी झाली. तिला उशीला टेकवून बसवायचं, मी पायाशी, आणि सुरू. मी म्हणालो, त्या टोपलीला दार नसतं, काठावर पाय ठेवून चढावं लागतं, तुझे गुडघे चालणार नाहीत. ती म्हणाली, तुझ्या दुकानातलं पायऱ्यांचं लाकडी स्टूल घेऊन जाऊ. मी म्हणालो, पहाटे वारा शांत असतो म्हणून फुगे तेव्हाच उडतात आणि तू तर उठतेस आठला. ती म्हणाली, आदल्या रात्री झोपायचंच नाही. मग मी धंद्यातला मुद्दा काढला, की एवढ्या कापडाची शिवण मी डोळ्यांनी बघितल्याशिवाय आत बसणार नाही. तर तिनं मला जीपमध्येच बसवून टाकलं. ती वरून जाणार, मी खालून धुळीत पाठलाग करणार, आणि ती जिथे उतरेल तिथे मी चहाचा थर्मास घेऊन हजर. यावर आमचं चांगलं भांडण झालं. मी वर येणारच म्हणालो. ती म्हणाली, कुणीतरी न्यायला नको का?

आता जे फोनवर बोललो नाही ते लिहितो. आपलं घर दोन खोल्यांचं, फोन तिच्या उशाशी. तू विचारायचीस आई कशी आहे, आणि ती माझ्या तोंडाकडे बघत असायची. मी दुसरं काय म्हणणार? बरी आहे, म्हणालो. आज थोडी बरी आहे. कालच्यापेक्षा बरी आहे. तुला वाटलं असेल, एवढी बरी होत चालली आहे तर आता हिंडू फिरू लागेल. ठमे, ती बरी नाही. मोठ्या डॉक्टरांनी ते केस घालवणारं कॅन्सरचं औषध केव्हाच बंद केलं. आता फक्त दुखण्यावरची औषधं चालू आहेत, आणि तीही वाढत चालली आहेत. उचलून बसवलं तर मला हाताला काही वजनच लागत नाही. मी सोफे उचलणारा माणूस, पण असं हलकं काही उचलायची मला भीती वाटते. ती हे सगळं जाणते. आम्ही त्यावर एक शब्द बोललेलो नाही. फुग्यांवर बोलत होतो तोवर गरजही पडली नाही.

आणि मग तुझं पाकीट आलं. तुझा काही दोष नाही, हे आधी वाच आणि मग पुढे वाच. तुझ्या आईबापांनी जन्मभर ठरवलं आणि कधी गेले नाहीत, म्हणून तू एकदाचं त्यांना नेऊन आणायचं ठरवलंस. तीन तिकिटं, खिडकीजवळची खोली, चाकांच्या खुर्चीची सोय. इतकं चोख काम तुझ्या आईलाही जमलं नसतं. मलाही आधी आनंदच झाला. मी वेड्यासारखा तिच्याजवळ बसून सगळं मोठ्यानं वाचायला लागलो. तिचं नाव वाचलं, माझं वाचलं, तुझं वाचलं. ती हसत होती. मग खाली तारीख होती, अजून कित्येक महिने पुढची, तीही वाचली.

आमच्या सहलीला कधी तारीख नव्हती गं. तारीख ऐकल्यावर तिनं बोटांवर काही मोजलं नाही, कॅलेंडरकडे बघितलं नाही. डेपोतल्या बाईला मोजावं लागत नाही. तिनं चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, पोरीनं फार छान केलं, तिला सांग. मग भिंतीकडे वळली.

त्यानंतर ती फुग्यांबद्दल बोललेली नाही. कशाबद्दलच फारसं बोललेली नाही. पाणी हवं का विचारलं तर मान हलवते. मी खूप खटपट केली. एकदा मुद्दाम म्हणालो, की मी असं ठरवलंय, आपण डेपोतून सकाळची जलद गाडी पकडायची आणि नदीपलीकडे उतरून पुढे जायचं. ती जलद गाडी नदीपलीकडे थांबत नाही. शेंबड्या पोरालाही ते माहीत आहे, आणि तिच्यासमोर असली चूक कुणी केली तर ती ताटावरून उठून सांगायला यायची. मी थांबलो. वाट पाहिली. ती छताकडे बघत राहिली आणि तिनं ती चूक तशीच जाऊ दिली. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभा राहिलो. त्या दिवसापासून माझा धीर सुटला. ती अजून घरात आहे, श्वास घेते, औषध गिळते, आणि मला तिची इतकी आठवण येते की काय सांगू.

काल मात्र एकदम बोलली. मी तिचे पाय दाबत होतो. तिकिटावरचं नाव बदलून मिळतं का, असं विचारलं. मी म्हणालो, कशाला? तर म्हणाली, माझ्या जागी ठमीच्या मावशीला ने. मावशीला! जिला स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढायचा तरी चक्कर येते, तिला फुग्यात! मला हसू फुटलं, तीही जराशी हसली, आणि मग माझ्या लक्षात आलं की तिनं पुन्हा सहल ठरवायला घेतली आहे, फक्त त्यात ती नाही. माझं काम शंका काढायचं. मावशी टोपलीत मूर्च्छा येऊन पडेल, एवढं म्हणायचं होतं. त्याऐवजी बरं, विचारून बघतो ठमीला, म्हणालो. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच बरं म्हणालो, आणि तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी पाय तसेच सोडून उठलो. मला कुठल्याही फुग्यात बसायचं नाही. मावशीबरोबर नाही, तुझ्याबरोबर नाही. ती नसताना ते मैदान, ते रंग, ती पहाट घेऊन मी काय करू? राग मानू नकोस. या क्षणी मला तुझ्या आईशिवायची एकही गोष्ट बघायची नाही.

तर तू तिकिटांची चौकशी करू नकोस, नाव बदलू नकोस, आणि मला फोन करून काही विचारू नकोस, कारण तू विचारलंस तर मी पुन्हा बरी आहे म्हणेन. आज सकाळी आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाई घरी येऊन गेल्या. तुझी आई झोपेत होती. त्यांनी नाडी बघितली, पायांची सूज बघितली, मला जिन्यापर्यंत बरोबर नेलं आणि म्हणाल्या, मुलीला बोलवायचं असेल तर आता बोलवा. एवढं एक वाक्य तुला कळवायचं होतं आणि त्यासाठी मावशीला तिच्याजवळ ठेवून मी सकाळपासून इथे बसलोय. डेपोत तिच्या खिडकीवर हल्ली जी मुलगी बसते, तिचा भाऊ आज तुझ्या गावाची गाडी नेतोय. हे पाकीट तो संध्याकाळी तुझ्या हातात देईल आणि रात्रीच्या फेरीला परत निघेल. त्याला सांगून ठेवलंय, तुझ्यासाठी जागा धरून ठेव म्हणून. जावईबापू मागून येतील. सामान भरत बसू नकोस, ठमे. त्याच गाडीनं ये.

तुझाच,
बाबा