दाराबाहेरची कुजबुज

३ मार्च

प्रिय दादा,
सा. न. वि. वि., आणि सोबत थोडी तक्रार.

फोनवर बोलले की बाबा कान टवकारतात, म्हणून हे पत्र. त्यांनी वॉर्ड डोक्यावर घेतलाय. काल सलाईनची सुई उपटली, आणि ड्रेसिंगला आलेल्या सिस्टरांना म्हणाले, माझ्या पायाला हात लावायचा नाही. तेही मी डॉक्टर असलेल्या हॉस्पिटलात! सगळे मला बघून हसू दाबतात.

गंमत सोडली तर बातमी बरी नाही. साखरेमुळे डाव्या पायाची दोन बोटं काळी पडली आहेत. ती काढली नाहीत तर पायावर बेतेल, असं सर्जन म्हणतात. बाबांना सांगायचं कसं?

लोभ असू दे, पण आधी सल्ला पाठव.
तुझी छोटी

५ मार्च

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद आणि एक टपली.

काही सांगू नकोस. जन्मभर शिलाई मशीन चालवलेला माणूस, हाय खाईल. मी सर्जनांना फोन केलाय, की नुसती जखम साफ करायची आहे म्हणून सही घ्या. पुढचं पुढे बघू. तू डॉक्टर असशील, पण आधी मुलगी आहेस.

दादा

९ मार्च

प्रिय दादा,
सा. न., आज जरा जास्तच वाकून, कारण तू चिडणार आहेस.

मी तुझं ऐकलं नाही. सर्जनांनीही नाही. म्हणाले, ज्याचा पाय त्यालाच फसवून मी हत्यार उचलत नाही. मग तेच स्टूल ओढून बाबांजवळ बसले आणि त्यांना सगळं सांगितलं. बाबांनी एवढंच विचारलं, मशीन चालवता येईल का? सर्जन म्हणाले, जखम भरल्यावर सवय करावी लागेल, पण येईल. त्यावर बाबा कडाडले, की एवढ्यासाठी दाराबाहेर कुजबुजत होतात? मला वाटलं, मी चाललोच!

विचार करायला एक दिवस मागून घेतला, मग सही केली. ऑपरेशन नीट झालं. आता सुईसाठी स्वतःहून हात पुढे करतात.

राग ओसरला की दोन ओळी लिही.
छोटी

१६ मार्च

चि. थोरल्यास,
आशीर्वाद भरपूर. कान भेटीत पिळीन.

बोटं गेली, झोप आली. इथे सगळे गोड हसून निघून जायचे. भांडल्याशिवाय कुणी खोलीत थांबतच नव्हतं, म्हणून भांडलो. सिस्टरांची माफी मागितली. त्यांनी ती दिली, वर उसवलेला खिसाही शिवायला दिला.

तुझा बेत छोटीने सांगितला. तू मायेपोटीच केलंस, कळतं मला. पण पुढच्या वेळी माझ्याबद्दल काही ठरवायचं झालं, तर माझ्या खोलीत येऊन ठरव. मी बहुधा तिथेच असतो.

तुझे बाबा