तिसरी बरणी

माघ शुद्ध पंचमी, गुरुवार, ८ फेब्रुवारी १९७३

ज्याच्या कृपेवाचून मेघ वळत नाही आणि बीजास अंकुर फुटत नाही, त्या करुणाकरास प्रथम वंदन. त्याच्या अनुग्रहाने, उतारवयात पत्करलेल्या या नव्या उद्योगाची नोंद आजच्या शुभ तिथीस आरंभितो.

सकाळच्या एस.टी.ने वैजापुराहून औरंगाबादेस आलो. शहागंजामागे आप्पासाहेबांचे छोटे नाट्यगृह आहे. हे आप्पासाहेब माझे जुने विद्यार्थी. मी तीस वर्षे संस्कृत शिकवले आणि शाळेच्या प्रत्येक स्नेहसंमेलनात रंगमंचाचे दिवेही स्वहस्ते सांभाळले, हे त्यांना स्मरत होते. त्यांचा पूर्वीचा दिवेवाला आता नाही, म्हणून मला पत्र धाडले. नाट्यगृहामागची खोली स्वच्छ आहे आणि तिच्यात देव मांडण्यापुरता कोनाडाही आहे. मन प्रसन्न झाले.

दिव्यांची व्यवस्था साधी आहे. डाव्या विंगेत चिनी मातीच्या तीन मोठ्या बरण्या मिठाच्या पाण्याने भरून ठेवल्या आहेत. प्रत्येकीच्या तळाशी शिशाची चकती असून दुसरी चकती लाकडी मुठीच्या दांडीला टांगलेली आहे. वीज पाण्यातून वाहते. वरची चकती खाली सोडावी तसा दिवा उजळतो, वर ओढावी तसा मंदावतो. पहिली बरणी सबंध रंगमंचाची, दुसरी राजासनाची, तिसरी पुढच्या कोपऱ्यातल्या शिळेची. पाय लाकडी फळीवर असावेत, एक हात पाठीशी असावा, पाण्यास स्पर्श होऊ नये. एवढे पाळले की भय नाही.

नाटक आप्पासाहेबांनीच रचले आहे. तळ्यास पाणी लागावे म्हणून राजा आपल्या सुनेचा बळी देतो. सुनेची भूमिका अंबिका करते. ती पहारेकरी सूर्यभानची मुलगी. सूर्यभानची मेंढरे या दुष्काळात संपली, म्हणून तो शहरात आला. पोर मोठी हजरजबाबी आहे. मला म्हणाली, “आजोबा, उजेड थोडा माझ्याकडं बी येऊ द्या. समदा राजालाच दिऊ नका, त्याचं तोंड लई बघण्यासारखं नाय.”

बरण्यांतले पाणी तापून आटते, म्हणून रोज भर घालावी लागते. जुने ओतून नवे भरण्याची चैन यंदा नाही. चिकलठाण्याकडे कारखाने वाढत आहेत, वस्त्या वाढत आहेत, आणि टँकर आठवड्यातून एकदा येतो. प्रयोग पौर्णिमेस दुपारी चार वाजता आहे.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

आज तालमीत जे घडले ते जसेच्या तसे लिहितो.

बळीच्या प्रसंगी धोंडिबा, जो प्रधानाचे काम करतो, शिळेपाशी येऊन राजास विनवतो. चार सैनिक त्यास बाजूस सारतात, एवढेच नाटकात आहे. हे सैनिक कारखान्यातले सौम्य स्वभावाचे कामगार आहेत. त्यांच्या काठ्यांना कापूस गुंडाळलेला असतो. मी तिसरा दिवा चढवला. तो पूर्ण उजळताच चौघांनी काठ्यांवरचा कापूस दातांनी ओरबाडून काढला आणि धोंडिबास मारू लागले. कोणी ओरडत नव्हते. जात्यावर दळावे तशा एका लयीत काठ्या पडत होत्या. मी चकती वर ओढू लागलो, तर दांडी विहिरीतल्या भरल्या पोहऱ्यासारखी जड झाली होती. दोन्ही हातांनी ओढली तेव्हा दिवा मंदावला आणि चौघे थांबले. त्यांच्यापैकी एकाने विचारले, धोंडिबा असा निजला का आहे?

त्याचा जबडा मोडला आहे. तीन दात मी उपरण्यात वेचले. आप्पासाहेब म्हणाले, पोरांना जोश आवरला नाही.

तिसऱ्या बरणीत आज मी भर घातली नव्हती. तरी पाणी चार बोटे वर आले होते.

शनिवार, १० फेब्रुवारी

सूर्यभानला देवाची शपथ घातली, तेव्हा तो बोलला.

पूर्वीच्या दिवेवाल्याचे नाव सांडू. गेल्या वैशाखात प्रयोगाच्या दिवशी वस्तीवरच्या बाया घागरी घेऊन मागल्या दाराशी उभ्या राहिल्या. बरण्यांसाठी आणलेले गोडे पाणी सांडूने त्यांना वाटून टाकले. दिवे लागले नाहीत, लोक उठून गेले. नाटकमंडळींनी सांडूला विंगेत गाठून लोखंडी गजाने मारले. तिसरी बरणी तेवढी आदल्या दिवशीच्या पाण्याने भरलेली होती. त्याचे फुटलेले डोके तिच्यात दाबून धरले. “म्हणत व्हते, लई पुळका आलाय ना पाण्याचा, घे, पी आता,” सूर्यभान म्हणाला. विजेचा धक्का बसला असे पुढे सर्वांनी सांगितले. डोके कोणी धरले होते, हे मी विचारले. सूर्यभान आप्पासाहेबांच्या खुर्चीकडे पाहत राहिला.

आणि ते पाणी? मी विचारले.

“फेकतंय कोण, गुर्जी? हातभर पाणी व्हतं.”

दहा महिने त्यावर भर घालून तेच पाणी वापरले जात आहे.

रविवार, ११ फेब्रुवारी, भीष्माष्टमी

आजची तिथी तर्पणाची. परक्या मृतासही आज जल द्यावे, असे शास्त्र सांगते. दुपारी नाट्यगृहात कोणी नसताना तारा सोडवल्या, तीळ व दर्भ घेतले आणि सांडूचे नाव उच्चारले. गोत्र ठाऊक नव्हते, म्हणून काश्यप म्हटले. माझ्या पिण्याचे तांब्याभर पाणी उरले होते. ते भूमीवर सांडवण्यास मन धजेना. म्हणून त्या बरणीतलेच जल ओंजळीत घेऊन, त्याने तृप्त व्हावे असे तीनदा म्हणून, त्याच बरणीत सोडले. एक थेंबही वाया गेला नाही. समाधान वाटले.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

काल सकाळी बरणी कोरडी होती. तळाशी मीठ आणि तीळ. नाट्यगृहाचे कुलूप जसेच्या तसे. आप्पासाहेबांनी ती पुन्हा भरवली.

आज तिसरा दिवा चढताच एका सैनिकाने दुसऱ्याच्या गालाचा लचका तोडला. मी दांडीस लोंबकळलो तरी ती वर येईना. तिसऱ्याने चौथ्याचा हात शिळेवर ठेवून बोटे ठेचली, एकेक करून, मोजल्यासारखी. अंबिका वेळीच पडद्यामागे गेली म्हणून वाचली. रक्त फळ्यांतून वाहत विंगेकडे आले. रंगमंचास उतार प्रेक्षकांकडे आहे. ते माझ्याकडे आले.

आता कळले. खाऱ्या पाण्यात बुडवून मारलेल्यास मी हाक मारून बोलावले आणि तेच खारे पाणी पाजले. खाऱ्या पाण्याने तहान भागत नाही. वाढते.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

बरणी कलती करू लागलो. हलली नाही. आप्पासाहेब मागे उभे होते. प्रयोग रद्द करा, असे मी पाया पडून सांगितले. माझ्या विद्यार्थ्याच्या पाया पडलो. ते शांतपणे म्हणाले, “गुरुजी, हाती घेतलेलं कार्य तडीस न्यावं, हे तुम्हीच शिकवलंत.” नवे सैनिक आले आहेत.

अंबिकेस म्हटले, तू उभी राहू नकोस, त्या उजेडात तुझे प्राण जातील. ती म्हणाली, या कामाचे रोज दोन घागरी पाणी मिळते. घरी सात माणसे. “तुमी देता का दोन घागरी, आजोबा? मंग नाय उभी राहत.”

माझ्याकडे तांब्याभर आहे. तो तिने घेतला नाही.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

तारा सोडवलेल्या. तरी भर दुपारी शिळेवर उजेड होता —

मूठ माझ्या हाताखाली आपोआप उतरत होती. की हातच —

हात माझाच होता. तो दाबत होता. आणि मला, सांगण्यास लाज वाटते, मला तहान लागली होती.

शनिवार, १७ फेब्रुवारी, माघी पौर्णिमा

प्रयोग चालू आहे. ही वही प्रकाशसूचनांच्या कागदाखाली आहे. सभागृह भरले आहे, मुलेबाळे पुढे बसली आहेत.

सूर्यभानला सांगितले, मुलीला मागल्या दाराने ने. आप्पासाहेबांनी दारास कडी घातली.

दुसरा अंक. अंबिका शिळेवर. हात बांधलेले, नाटकातल्यासारखेच, पण गाठ खरी —

तिसऱ्याचा फ्यूज काढला. माझ्या खिशात आहे. दिवा चढतो आहे.

कापूस ओरबाडत आहेत. लोक टाळ्या वाजवत आहेत.

दांडी हलत नाही. पाणी काठावर आले, दांडीवरून वर चढते आहे, मुठीकडे —

आप्पासाहेब स्वतः गज घेऊन शिळेकडे निघाले. त्यांचे तोंड त्यांचे नाही. पहिला घाव तिच्या खांद्यावर. ती माझ्याकडे पाहते आहे.

बरणी फोडली तरच हा दिवा विझेल. विंगेतल्या पहारीचा एक घाव पुरे. पाणी फळीवर, पायांवर येईल. पाय अनवाणी आहेत. विद्युत् मग माझ्यातून भूमीस मिळेल. जे तर्पण मी भूमीस दिले नाही ते आता —

पहार उचलली आहे. एका हाताने लिहितो.

हे जो कोणी वाचील, त्याचे कल्याण असो. त्याच्या दारी पाणी असो, आणि दारी आलेल्या तहानलेल्यास ते देण्याची बुद्धी त्याला —