सुनेसाठी घेतलेला माउंट

सोमवार, ३ मार्च
दुर्बिणीचा माउंट, म्हणजे रायफलवर दुर्बीण बसवायची पकड, घेतला. दुकानदाराने दोन प्रकारचे माउंट आम्हा दोघींच्या एकुलत्या एका रायफलवर चढवून दाखवले. एक सरळ. दुसरा पुढे झुकलेला — त्यावर दुर्बीण डोळ्यापासून लांब जाते. सूनबाईला तो हवा होता. "आई, गाल टेकवला की माझा डोळा काचेच्या फार जवळ येतो." मी खांद्याला लावून पाहिलं, तर पुढे झुकलेल्यावरच्या दुर्बिणीतून नुसतं काळं वर्तुळ. "रायफल मी शिकवली, माउंटही मीच ठरवणार." सरळ घेतला. मग ती काही बोलली नाही.

रविवार, ९ मार्च
पहिल्याच गोळीला रायफल मागे आली आणि दुर्बिणीची कड सूनबाईच्या भुवईत घुसली. टाके पडले. आमच्या नेमबाजी क्लबचा सेक्रेटरी म्हणाला, "काय ताई, सुनेवर शिक्काच मारलात की!" सगळे हसले. आणि मी — सगळ्यांदेखत — म्हणाले, "दचकते ती. खांदा घट्ट धरत नाही."
ती रुमाल दाबून उभी होती.

सोमवार, १० मार्च
मुलाने तिला विचारलं, लागलं कसं? "माझंच चुकलं," म्हणाली. मी भाजी चिरत होते. चिरत राहिले.

बुधवार, १२ मार्च
सेक्रेटरीचा फोन. "दचकणारी मुलगी संघात कशी घेऊ, ताई? तुम्हीच सांगितलंत." रविवारच्या निवड चाचणीतून तिचं नाव काढलं.
रायफल काढून बसले. माझी मान पुढे जात नाही. दोन वर्षं झाली, कुणाला सांगितलेलं नाही. दुर्बीण मागे असेल तरच मला दिसतं. तिच्यासाठी म्हणून माझ्या मानेचा माउंट आणला, आणि वर तिलाच भित्री ठरवलं. लाज वाटते.

शुक्रवार, १४ मार्च
माफी मागायला तिच्या खोलीपर्यंत गेले. "गॅस बंद केलास का?" विचारून परतले. असं तीनदा. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "आई, आज स्वयंपाक तुम्हीच केलात."

शनिवार, १५ मार्च
क्लबात सगळे चहाला जमले होते. उभ्या उभ्याच सांगितलं — ती दचकली नव्हती, माउंट मी माझ्या सोयीचा घेतला, आणि खोटं बोलले. कुणी हसलं नाही. सेक्रेटरीने तिचं नाव परत घातलं.

रविवार, १६ मार्च
चाचणीआधी मी, काल दुकानातून आणलेला पुढे झुकलेला माउंट चढवायला घेतला. सूनबाईने माझा हात धरला. "तुमच्या मानेचं मला कधीपासून ठाऊक आहे, आई. हा लावला की तुमचं रायफल चालवणं संपलं. म्हणून तर त्या दिवशी दुकानात मी पुढे बोलले नाही."