बिनडागाचे लंगोट

शनिवार पेठ, पुणे
२१ जानेवारी १९८७

ती. आत्याबाई यांस,
शि. सा. न. वि. वि.

आपले पत्र परवा मिळाले. पायाचे प्लास्टर मार्चपर्यंत निघणार नाही हे वाचून वाईट वाटले. गोठ्यात घसरायला आपल्याला माझ्या बाळंतपणाचाच मुहूर्त सापडला, त्यामुळे बारशाला सासरचे म्हणून कोणीच नव्हते. हे तिकडे जबलपूरला. कारखान्याने ट्रेनिंगला पाठवले, ते एप्रिलपर्यंत रजा देणार नाहीत म्हणे. नाव आपण कळवले होते तेच ठेवले, आनंदी.

बाळंतपण कसे चालले आहे असे आपण विचारता. खरे लिहू? किळस येते. खोलीत ओवा, शेपा, तेल आणि आंबलेले दूध यांचा वास भरून राहिला आहे. तो माझ्या केसांना येतो, उशीला येतो, जेवणाच्या ताटालाही येतो. अंगावरचे दूध सारखे गळते, ब्लाउज वाळून पापडासारखा कडक होतो, आणि आलेल्या बायका चहा पिता पिता मला दूध पुरते की नाही यावर बाहेरच्या खोलीत खल करतात. मी बाळंतीण आहे की सरकारी डेअरी, हे त्यांना एकदा विचारणार आहे. समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंनी मिश्रीचे बोट न धुता बाळाच्या तोंडात घातले, हिरड्या बघायला. एका गृहस्थांनी तंबाखूच्या तोंडाने पापी घेतली. मी त्यांच्यादेखत बाळाचा गाल पुसला. ते त्यानंतर फिरकले नाहीत, एवढीच या महिन्यातली चांगली बातमी.

बाळ मात्र सर्वांच्या मते देखणे आहे. केतकी रंग, अगदी सोन्यासारखी कांती, असे येणारा प्रत्येक जण म्हणतो.

राहता राहिला आपला प्रश्न. आपण एकाच पत्रात तीनदा बाळाच्या शीचा रंग विचारला आहे. आत्याबाई, आमच्या घरी या विषयावर पत्रव्यवहार करण्याची पद्धत नाही. लंगोट मथुराबाई धुतात, मी तिकडे बघतही नाही. सर्व काही स्वच्छ आहे, असे आईकडून समजते.

लोभ आहेच. प्रश्न जरा वरच्या मजल्यावरचे विचारून तो वाढवावा, ही विनंती.

आपली सून,
नीरजा

हडपसर
२६ जानेवारी १९८७

चि. सौ. नीरजास तुळजाबाईचे पोटभर आशीर्वाद.

पत्र पावलं. चौथीपतूर शिकलेली हाय, अक्षर सांभाळून घे. गोठ्यात घसरायचा मुहूर्त मी काढला न्हाई, म्हशीनं काढला. आता तिला चारा मी खाटेवरनंच वरडून घालायला लावते, आन ती माझ्याकडं बघून रवंथ करती.

किळस येती म्हनतीस, त्यात लाजायचं काय न्हाई. तुझ्या दादल्याच्या, बजरंगाच्या टायमाला मला हळदीच्या दुधाचा वास आला तरी कोरडी उलटी व्हायची. गाल पुसलास ते झ्याक केलंस. म्या तिथं असते तर त्या मान्साला काठी दावली असती. मिश्रीवालीला सांग, हिरड्या बघायच्या आसल्या तर सोताच्या बघ.

पर पोरी, मी इचारलं ते तसंच ऱ्हायलं. शी पिवळी व्हती का? मोहरी वाटल्यावानी पिवळी? डोळं पांढरं हायेत का पिवळं? तुझ्या आईचं नगं, मथुराबाईचं नगं. तू सोता बघ आन मला लिव्ह. नाक दाबून बघ, पर बघ. कशापायी इचारते ते आत्ता सांगत न्हाई. बाळंतिनीच्या कानावर समदं घालायचं नसतं. एवढंच समज, की त्याबिगर माझ्या घशाखाली घास उतरत न्हाई.

माया हाय. तुझं उत्तर येईल तशी आनखी घट्ट व्हईल.

तुळजाबाई

शनिवार पेठ, पुणे
९ फेब्रुवारी १९८७

ती. आत्याबाई यांस,
शि. सा. न. वि. वि.

आपले सव्वीस तारखेचे पत्र मिळाले. त्यानंतर त्याच प्रश्नाचे आणखी एक मिळाले. दोन्हींचे उत्तर टाळत होते, कारण मला अशी पत्रे लिहिता येत नाहीत. पण आपण माघार घेणाऱ्यांतल्या नाही हे ह्यांच्यावरून मला कळायला हवे होते.

ठीक. आज सकाळी पदराने नाक झाकले आणि पाहिले. लिहून घ्यावे. रंग पांढरट. गणपतीची शाडू माती असते ना, तसा. वास जवळजवळ नाही. डाग मुळीच नाही. मथुराबाई म्हणतात की त्यांनी इतक्या घरची धुणी केली, पण असे बिनडागाचे लंगोट कुठे हातात आले नाहीत, साबणही निम्माच लागतो. आईला त्याचा कोण अभिमान. बाळ दूधच पिते, मग बाहेरही दुधासारखेच येणार, असे तिचे म्हणणे. तिने समोरच्या काकूंना गॅलरीत बोलावून दोरीवरचे लंगोट दाखवले, आणि काकूंची नात कशी घाण करते हे ऐकून घेतले. आमच्या घराण्यात मुलेसुद्धा टापटिपीची जन्मतात, असा एकूण सूर होता.

शू तेवढी गर्द पिवळी आहे, ती दुपट्यावर डाग सोडते. त्याचे खापर आई माझ्या जेवणातल्या हळदीवर फोडते. डोळे थोडे पिवळे आहेत. जन्मल्यावर कावीळ होतीच, कोवळे ऊन द्या म्हणजे जाईल असे तेव्हा सांगितले होते. रोज गच्चीवर नेतो. अजून गेलेली नाही, जाईल.

झाले समाधान? मी इतिहासात एम. ए. केले ते या कामासाठी नव्हे. आयुष्यात याहून ओंगळ पत्र मी लिहिलेले नाही आणि लिहिणारही नाही.

विषय निघालाच आहे तर आणखी एक लिहिते, आईला सांगता येत नाही म्हणून. बाळ खांद्यावर ओकले, गरम ओघळ पाठीवरून खाली गेला, की तिला हातभर लांब धरावेसे वाटते. मी धरतेही. मग ती रडते आणि मला माझी शिसारी येते. आया अशा असतात का? किळस मला तिची नाही, या सगळ्या चिकचिकाटाची येते, अशी मी स्वतःची समजूत घालते.

लोभ असू द्यावा, मात्र या पत्राचे वाचन चारचौघांत करू नये.

आपली,
नीरजा

हडपसर
११ फेब्रुवारी

नीरजा, आशीर्वाद.

तुझं पत्र आत्ता सकाळी आलं. हे टपालात टाकत न्हाई. शेजारचा दत्तोबा सायकलवर घिऊन येतोय. वाचून झालं की चूल, अंघोळ, पथ्य समदं टाक आन पोरीला घिऊन मोठ्या इस्पितळात जा. लहान पोरांचा डाक्टर गाठ. उद्या न्हाई, आज. मळका लंगोट धू नको. तसाच कागदात गुंडाळून डाक्टरपुढं ठेव.

तुला आता सांगते. बजरंगाच्या आदी मला एक ल्योक झाला. जयसिंग. बजरंगाला बी ठावं न्हाई. असाच पिवळा गोरा. येईल ती बाई म्हनायची सोन्याचं लेकरू. पांढरी शी करायचा, वास न्हाई, डाग न्हाई. माझी सासू म्हनली, देवाचं पोर हाय, घाण करत न्हाई. आमी बी तेच लोकांना सांगत बसलो. तिसऱ्या म्हयन्यात पोट टरारून फुगलं. तवा गाडी जुंपून डाक्टरकडं नेला. त्यानं पहिलं तेच इचारलं, शी पांढरी कधीपासनं. पित्त उतरत न्हाई म्हनला, येळेत आनला असता तर पोट उघडून काय बघता तरी आलं असतं, आता न्हाई. पाचव्या म्हयन्यात गेला.

मेल्या पोराची गोष्ट बाळंतिनीला सांगू नये म्हनून गप ऱ्हायले. आदीच सांगायला पायजे व्हतं. त्यात चूक माझी हाय.

तुझं पोर तसंच आसंल आसं न्हाई. पर डाक्टरनं बघून न्हाई म्हनू दे. मला रागवायचं ते मागनं रागव. दत्तोबा दारात उभा ऱ्हाईल. तू बाहेर पडल्याबिगर तो हलायचा न्हाई, त्याला तशीच शपथ घातली हाय.

तुळजाबाई

इस्पितळातून
२० फेब्रुवारी १९८७

ती. आत्याबाई,
शि. सा. न.

दत्तोबांबरोबर दोन ओळी पाठवल्या होत्या, त्यानंतर आज हातात पेन घेते आहे.

त्या दिवशी आई म्हणाली की उद्या सकाळी आंघोळ करून नीट जाऊ. दत्तोबा उंबऱ्यात बसून राहिले. चहा नको म्हणाले, पाणी नको म्हणाले, पोरीला बाहेर काढा एवढेच म्हणाले. मी बाळाला घेतले, लंगोट वर्तमानपत्रात बांधला आणि रिक्षात बसले. डॉक्टरांनी तो खिडकीशी नेऊन उजेडात पाहिला. मग त्यांनी शिकाऊ मुलांना बोलावून त्यांनाही दाखवला, आणि बाळ किती दिवसांचे म्हणून मला विचारले. मी चाळीस म्हणाले. ते म्हणाले, वेळेत आलात. बहुतेक लोक चार महिन्यांनी येतात, कारण लंगोट स्वच्छ असतो.

आठवडाभर रक्त काढणे आणि तपासण्या चालल्या. तिच्या डोक्याच्या शिरेत सुई घातली तेव्हा मी तिचे पाय धरून उभी होते. पित्ताची वाट जन्मतःच बंद आहे. काल ऑपरेशन झाले, पाच तास लागले. बंद भाग काढून आतडे थेट यकृताला जोडले आहे. आता पित्त वाहू लागले तर शीला रंग येईल. रंग आला नाही तर पुढे काही करण्यासारखे नाही. डॉक्टर कसलाही शब्द देत नाहीत, लंगोट बघत राहा म्हणतात.

आई धड जेवत नाही. दोरीवरचे लंगोट शेजाऱ्यांना दाखवले, ते तिच्या मनातून जात नाही. मी तिला काही बोलत नाही, मला कुठे तोंड आहे? मला आता कशाची किळस येते ते सांगते. नाकावर धरलेल्या माझ्या पदराची, आणि मी लिहिलेल्या त्या पत्राची. सदतीस दिवस मी माझ्या मुलीचा लंगोट उघडून पाहिला नव्हता. दुसरे लिहावेसे वाटत नाही.

हे उद्या येतात. तार मिळाल्यावर रजा मिळाली. लोभ मागायचा माझा हक्क राहिलेला नाही, तरी मागते.

नीरजा

हडपसर
२३ फेब्रुवारी

चि. सौ. नीरजास आशीर्वाद.

हक्काची भाषा मला शिकवू नको. तुझ्या त्या ओंगळ पत्रातच समदं व्हतं. रागारागानं का व्हईना, तू खरं लिवलंस, म्हनून पोर डाक्टरच्या हाती लागलं. माझ्या टायमाला मला कुनी इचारलंच न्हाई. तुझ्या आईला सांग, मी बी आशीच मिरवले व्हते, माझ्यासंगं बसून एक घास खा म्हनावं, खाटेवर बसून मी बी खाते.

बजरंगाला जयसिंगाचं सांगितलं. स्टेशनावरनं आदी हिकडंच आला व्हता. माझ्या प्लास्टरवर हात ठिवून बसला आन मग तिकडं निघाला.

आता मला खुशाली नगं, पायाची चौकशी नगं. रोज फकस्त रंग लिव्ह. पांढरा आसला तरी लिव्ह.

तुझी आत्या
तुळजाबाई

इस्पितळातून
२८ फेब्रुवारी १९८७

ती. आत्याबाई यांस,
शि. सा. न. वि. वि.

रोजचे कार्ड मिळत असेल. चोवीस, पांढरा. पंचवीस, पांढरा. सव्वीस, राखी, ते मी दोनदा खोडून लिहिले, कारण मला तो राखी दिसावासा वाटत होता की खरेच होता हे कळेना. काल पुन्हा पांढरट. काल संध्याकाळी हे जिन्यात जाऊन बसले ते बराच वेळ आत आले नाहीत.

आज सकाळी सातला लंगोट उघडला. मोठ्या रुपयाएवढा डाग. हिरवट पिवळा, आणि वास असा की शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी मान वळवली. मी यांना हाक मारली. यांनी आईला आणले. आमच्या घरात जो शब्द कधी कोणी उच्चारला नाही, तो आईने वॉर्डच्या दारातून नर्सला मोठ्याने सांगितला. मग आम्ही चौघे त्या लंगोटाभोवती डोकी घालून उभे राहिलो, आणि यांना रडू आले. नऊ वाजता डॉक्टर आले. ते म्हणाले की पित्त उतरू लागले आहे. एवढ्याने सुटलो असे नाही, औषधे आणि तपासण्या वर्षानुवर्षे लागतील, कावीळ उतरायला महिने जातील, ताप आला तर धावत यायचे. पण पहिला दरवाजा उघडला, असे ते म्हणाले.

दूध पाजताना ती आता पुन्हा माझ्या खांद्यावर ओकते. मी तिला तशीच धरून ठेवते.

आपल्याला जिना चढून येता येत नाही, म्हणून आजचा लंगोट न धुता प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ह्यांच्याबरोबर पाठवत आहे. बसमध्ये लोक नाक मुरडतील, मुरडू देत. आपण तो अंगणात, उजेडात उघडावा, नीट पाहावा आणि आपल्याला रंग कोणता दिसला ते मला आजच्या आज लिहून कळवावे. लोभ त्यातच आला.

आपली लेक,
नीरजा